समोरच्या घरातला मॅग्नेटो

आज सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी धरली, दाबली, आपटली, तरी एक थेंब पडला नाही. आत सगळं पांढरं, मेणासारखं. म्हणजे थंडी आली, म्हणजे भात झोडायचा हंगाम आला. आमच्याकडे त्यासाठी कॅलेंडर लागत नाही. केस तसेच कोरडे बांधले आणि आता कंपनीच्या बसमध्ये बसून हे टाइप करतेय. साजगाव येईपर्यंत जेवढं होईल तेवढं, बाकी डबा खाताना. चुका झाल्या तर झाल्या, पण हे मला आत्ताच सांगायचंय, कारण परवा रविवारी जे झालं ते अजून माझ्या कानातून गेलेलं नाही.

आधी एक क्लिअर करते. लोकांना हा हंगाम फार आवडतो. शनिवार आला की पळसदरीकडे गाड्याच गाड्या. पेंढ्याच्या ढिगावर बसून फोटो, धुक्यात चहाचा फोटो, आमच्या गंजलेल्या ट्रॅक्टरच्या सीटवर न विचारता चढून फोटो. एकीने तर मला विचारलं होतं, ‘हा शोसाठी ठेवलाय का?’ मी म्हटलं, ‘नाही, भांडणासाठी.’ ती हसली. मी हसले नव्हते.

मला हा हंगाम आवडत नाही. राग आहे मला या थंडीचा. ओल्या पेंढ्याचा वास आला की मी नाक दाबून पुढे जाते. दवाने भिजलेलं खळं, पेट्रोलचा वास, आणि वाळकी काटकी मोडावी तसा एक आवाज. हाडाचा. मी पाचवीत होते तेव्हा.

थांबा, नीट सांगते.

आमच्या गावात दोन घरं समोरासमोर आहेत आणि मध्ये एकच खळं, भात झोडायची सारवलेली जागा. एक घर आमचं. दुसरं मोठ्या काकांचं, म्हणजे बाबांच्या सख्ख्या मोठ्या भावाचं. खळ्याच्या कडेला पत्र्याखाली तो ट्रॅक्टर. आजोबांनी तो भंगारात घेतला तेव्हाच तो म्हातारा होता. पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की रॉकेलवर टाकायचा. बॅटरी नाही, चावी नाही, स्टार्टर नाही. नाकाडात लोखंडी हॅण्डल घालायचं आणि दणकून मारायचं. शेतात तो कधीच गेला नाही. आमची खाचरं एवढीएवढीशी, बांधावरून उतरला असता तर तिथेच राहिला असता. त्याचं काम एकच, खळ्यावर उभं राहायचं आणि लांब पट्ट्याने झोडणीचं मशीन फिरवायचं. अख्ख्या गावाचं भात त्याच्यावर झोडलं जायचं.

आता बॅटरी नाही तर ठिणगी कुठून? तर मॅग्नेटोतून. लहान पातेल्याएवढा लोखंडी डबा, उचलला तर हात खाली जातो इतका जड. आत चुंबक आणि तारेचं वेटोळं. इंजिनाबरोबर तो फिरतो, स्वतःची वीज स्वतः तयार करतो, आणि बरोबर वेळेला बरोबर प्लगला ठिणगी देतो. मी डिप्लोमा केला, रोज सेन्सरवाली मशीनं दुरुस्त करते, पण इतकी स्वाभिमानी वस्तू मी दुसरी बघितली नाही.

आणि माझ्या आजोबांनी या वस्तूची वाटणी केली.

खरंच. आजारी पडले तेव्हा दोघा मुलांना बसवून सांगितलं, ट्रॅक्टर शांतारामच्या वाट्याला आणि त्याचा मॅग्नेटो थोरल्याच्या. शांताराम म्हणजे माझे बाबा. म्हणजे दर हंगामाला थोरल्याने मॅग्नेटो घेऊन यायचं, धाकट्याने तो बसवून ठिणगीचं टायमिंग लावायचं, हंगाम संपला की काढून परत द्यायचा. एकाशिवाय दुसऱ्याचं चालायला नको. ही गोष्ट मी कंपनीत सांगितली तर सगळे म्हणाले, ‘किती सुंदर विचार!’ डोंबलाचा सुंदर. दोन माणसांना बांधून ठेवायचं असेल तर प्रेमाने बांधा की, बोल्टने काय बांधता? आजोबा त्याच पावसाळ्यात गेले. दिवाळी झाली, हंगाम आला, आणि त्यांच्यामागे पहिल्याच सकाळी ते झालं.

आमच्याकडे हंगामाचं पहिलं हॅण्डल घरातल्या मोठ्याने मारायचं असतं. आजोबांनंतर मान काकांचा. आदल्या संध्याकाळी बाबांनी मॅग्नेटो बसवला, टायमिंग लावलं. त्याच आठवड्यात दोघांचं बांधावरून वाजलं होतं, वीतभर इकडे की वीतभर तिकडे. त्यामुळे तोंडं फुगलेली होती, पण काम ते काम. सकाळी सहाला खळ्यावर सगळे. वाडीवरची माणसं मजुरीला आलेली, अंगावर पोती घेऊन उभी. तोंडातून वाफा. बाबा पलीकडे मशीनजवळ पट्टा बघत होते. काकांनी ट्रॅक्टरला हात जोडले, हॅण्डल धरलं आणि मारलं.

इंजिन उलटं फिरलं. त्याच्याबरोबर हॅण्डल. त्याच्यात काकांचं उजवं मनगट.

मला काकांचा चेहरा आठवत नाही. आवाज आठवतो आणि मग काकूचा. टेंपो आला, काकांना कर्जतला नेलं. आणि इथे माझ्या बाबांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. ते टेंपोत चढले नाहीत. पान्हा घेऊन ट्रॅक्टरकडे गेले. काय चुकलं ते बघायला. टायमिंग तपासलं, बरोबर होतं. परत तपासलं, बरोबर. ऊन वर आलं होतं, माणसं खोळंबली होती, खळ्यावर भात पसरलेलं होतं. बाबांनी हॅण्डल मारलं. एका फटक्यात ट्रॅक्टर सुरू.

संध्याकाळी काका प्लास्टर घालून आले तेव्हा निम्मं भात झोडून झालं होतं.

तुम्ही काकांच्या जागी असतात तर काय समजला असतात? मी तेच समजले असते. आदल्या संध्याकाळी ठिणगी लवकर पडावी म्हणून टायमिंग एक दात पुढे सरकवून ठेवलं, भावाचं मनगट मोडलं, दुपारी पान्ह्याने परत जागेवर आणलं. अख्ख्या गावाने पान्हा बघितला होता.

काकांनी खळ्यावर उभं राहून एकच विचारलं, ‘शांत्या, बांधाचं एवढं लागलं होय रं तुला?’

आणि बाबा काहीच बोलले नाहीत. काहीच. मान खाली घालून घरात आले.

त्यानंतर बारा वर्षं.

हाड वाकडं जुळलं. काकांच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. कोयता धरता येत नाही, भारा बांधता येत नाही. आणि डाव्या हाताने जेवावं लागतं म्हणून ते पंगतीत बसत नाहीत. लग्न असलं की मांडवाच्या दारात अक्षता टाकतात आणि परत येतात. माझ्या ताईच्या लग्नात तेवढेही आले नाहीत. आमच्या घरात त्यांना नाव राहिलं नाही, ‘समोरचा’ झाले. त्यांच्या घरात आम्ही ‘पलीकडची’. नळ आला तेव्हा एक पाइप आणला असता तर भागलं असतं, दोन आणले. काकूच्या कोंबड्या आमच्या अंगणात आल्या की आई दगड मारायची, आणि माझी आई मुंगीलासुद्धा फुंकर मारून बाजूला करणारी बाई. खळ्याच्या मधोमध कुणी रेघ मारली नव्हती, पण झाडताना दोन्ही घरं बरोबर तिथेच थांबायची. मधली एक हात जागा तशीच, तिथे गवत वाढलं. ट्रॅक्टर इकडे उभा, मॅग्नेटो तिकडे, आणि गावात भाड्याचं झोडणी मशीन यायला लागलं.

मागच्या वर्षी मला नोकरी लागली. पहिला पगार सगळ्यांसारखा आईला साडी वगैरे, पण माझ्या डोक्यात हेच. मला तो ट्रॅक्टर चालू करायचा होता. खरं सांगायचं तर मला बाबांना सोडवायचं होतं. कारण मी लहान असताना एकदा विचारलं होतं, ‘बाबा, तुम्ही मुद्दाम केलं?’ ते म्हणाले, ‘मुद्दाम नाय गं.’ मग जरा वेळाने, ‘पण रागात होतो. हात चुकला आसंल.’ म्हणजे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. विचार करा. आपण भावाचा हात मोडला की नाही, हे माणसाला माहीत नाही आणि तो रोज समोर ते मनगट बघतोय.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी मी सरळ समोर गेले. काका ओटीवर बसले होते.

‘काका, मॅग्नेटो पाहिजे.’

‘बापानं पाठवली?’

‘नाही. माझी मी आले.’

‘त्याला सांग, आधी माझं मनगाट परत दे.’

‘काका, मला बघायचंय त्यात काय झालं होतं ते.’

त्यांनी माझ्याकडे खालून वरपर्यंत बघितलं. मला वाटलं आता हाकलणार. तर म्हणाले, ‘तू शिकलीस ना गं मशीनचं? कंपनीत हायस ना?’

‘हो.’

‘मंग ने. लाव त्याच्यासमोर. आनि मला येऊन सांग त्यानं काय केलं व्हतं. माणूस खोटा बोलंल, लोखंड नाय बोलत.’

म्हणजे त्यांना माझी मदत नको होती, निकाल हवा होता. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. वाटलं चिडतील. ते म्हणाले, ‘बघच तू. काय आसंल ते सांग. मलाबी कळू दे एकदाचं.’ आता आली का पंचाईत? मी सोडवायला गेले होते आणि न्यायाधीश होऊन बसले. आणि समजा बाबांचंच चुकलेलं निघालं तर?

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि दुपारी ओटीवर गोणपाट अंथरून बसले. मॅग्नेटो काकांनी जुन्या धोतरात गुंडाळून, धान्याच्या पेटीत कोरडा ठेवला होता. बाहेरून लख्ख. तेल लावलेलं. मी मनात म्हटलं, वा काका! (हे लक्षात ठेवा, मी शहाणी कशी चुकले ते पुढे येईल.) टोपण काढलं. आत ठिणगी तोडणारे दोन छोटे पॉइंट असतात, समोरासमोर, ते काळे पडले होते. बारीक कानसीने घासले, कोऱ्या कागदाने पुसले, फीलर गेजच्या पातळ पत्तीने मधली फट लावली. कार्बन ब्रश बघितला, वायर नव्या टाकल्या. मग एका हाताने डबा धरून फिरवला आणि वायरचं टोक लोखंडाजवळ नेलं. टक्! निळी ठिणगी. बारा वर्षांनी! मी इतकी नाचले की वायर कोपराला लागली आणि असा झटका बसला की आई आतून धावत आली.

त्या ‘टक्’बद्दल सांगायलाच पाहिजे, कारण सगळं त्याच्यावर आहे. हॅण्डल मारताना इंजिन हळू फिरतं. तेव्हा ठिणगी नेहमीच्या वेळेला पडली तर ती लवकर पडते, पिस्टन अजून वर येतोय तोवरच स्फोट होतो आणि इंजिन उलटं लाथ मारतं. म्हणून मॅग्नेटोच्या मागच्या बाजूला एक खटका असतो. सुट्टी, आपल्या वजनाने खाली पडणारी लोखंडी जीभ. ती मॅग्नेटोला क्षणभर अडवते, आतली स्प्रिंग ताणली जाते, मग सोडते. टक्. ठिणगी उशिरा आणि जोरात पडते. एकदा इंजिन पळायला लागलं की जीभ आपोआप बाजूला राहते. म्हणजे हॅण्डल मारणाऱ्याचं मनगट त्या एवढ्याशा जिभेवर.

माझ्याकडे खटका दुपारी मस्त वाजत होता. मग बाबांना म्हटलं, ‘टायमिंग तुम्ही लावा. त्या दिवशी लावलं तसंच. मी हात लावणार नाही.’

बाबांनी बारा वर्षांत त्याला हात लावला नव्हता. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला, मला म्हणाले, ‘फिरव हळूहळू.’ मी हॅण्डल फिरवत राहिले. आतली हवा अंगठा उडवायला लागली, म्हणजे पिस्टन दाबत वर येतोय. ‘हळू. हळू गं. बस!’ इंजिनाच्या जड चाकावरची, फ्लायव्हीलची, खूण बरोबर बघायच्या खिडकीत. मग मॅग्नेटो हातात घेऊन फिरवला, पहिल्या वायरीवर टक् झालं तिथे धरला, बसवला, बोल्ट आवळले. मी तपासलं. केसाचा फरक नाही. काढायला लावला, परत लावायला लावला. तीनदा. तिन्ही वेळा अचूक. त्यांचा हात चुकणारा नव्हताच. मला रडू आलं, पण मी नटबोल्ट मोजत बसले.

हॅण्डल मी मारलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, मिठी न मारता, उलटं आलं तर हात सुटावा म्हणून. तिसऱ्या फटक्याला ट्रॅक्टर खोकला आणि धडधडायला लागला. पांढरा धूर, घरट्यातली चिमणी उडाली, आई टाळ्या वाजवतेय. मी समोर बघितलं. काका त्यांच्या ओटीवर हाताची घडी घालून उभे. मी ओरडले, ‘काका, बघा! टायमिंग बरोबर आहे!’

ते तिथूनच म्हणाले, ‘दुपारी चालतोच तो. तवाबी दुपारीच चालला व्हता.’ आणि आत गेले.

मला इतका राग आला! म्हटलं, हा माणूस मरेपर्यंत सुधारणार नाही. पण जेवताना ते वाक्य डोक्यात फिरायला लागलं. दुपारी चालतो. दुपारी. मग सकाळी काय होतं?

सकाळी सहाला उठले. गारठा असा की पत्र्यावरून दव टपटप पडत होतं. प्लगच्या वायर काढून ठेवल्या, म्हणजे चुकून सुरू व्हायला नको, आणि हॅण्डल हळूहळू फिरवलं. कान मॅग्नेटोला लावून.

काही नाही.

परत फिरवलं. काही नाही. काल दुपारी टकटक करणारा डबा मुका. मी धावत पान्हा आणला, बोल्ट सोडले, डबा उलटा केला आणि मागच्या खटक्यात बोट घातलं. बोटाला पांढरं लागलं. लोण्यासारखं, थंडगार. जीभ त्यात रुतून बसलेली, खाली पडतच नव्हती. नाकाशी नेलं.

खोबरेल. शाळेत जाताना आई डोक्याला थापायची तेच.

मी वळून समोरच्या घराकडे बघितलं. कारण तेल कोण घालतं ते मला माहीत होतं. खंडेनवमीला काकांकडे हत्यारांची पूजा असते. कोयता, विळा, पहार, आणि पाटावर मधोमध मॅग्नेटो. आजोबा होते तोवर ते त्याला नुसतं फूल वाहायचे. ते गेल्यावर पहिल्याच खंडेनवमीला काकांनी त्याला तेलाने न्हाऊ घातलं होतं. अगदी देवाला घालावं तसं, वाटीने, भोकाभोकात. मी बघितलंय. दसऱ्याच्या उकाड्यात ते तेल पाण्यासारखं आत गेलं. संध्याकाळच्या उबेत बाबांनी टायमिंग लावलं तेव्हा खटका वाजला. रात्रीच्या गारठ्यात तेल थिजलं. सकाळी जीभ अडकली. दुपारी वितळलं आणि एका फटक्यात ट्रॅक्टर सुरू.

कुणीच काही केलं नव्हतं. बारा वर्षं, ताईचं लग्न, दोन पाइप, कोंबड्यांना दगड, सगळं एका वाटी तेलावर.

मी डबा छातीशी धरून समोर गेले. काका चुलीपाशी होते.

‘काका, फिरवा हे. डाव्या हाताने.’

‘सकाळी सकाळी काय गं पल्ले?’

‘फिरवा तर.’

त्यांनी फिरवला. आवाज नाही. मी त्यांचं बोट धरून आतल्या पांढऱ्यावर टेकवलं. त्यांनी बोट वर धरून बघितलं, वास घेतला. मी डबा त्यांच्या ओटीवर कोवळ्या उन्हात ठेवला आणि आम्ही दोघं बसलो. पंधरा-वीस मिनिटं असतील. काकूने चहा आणला, तो तसाच राहिला. पांढरं हळूहळू काचेसारखं झालं, एक थेंब ओटीवर ओघळला. काकांनी परत फिरवला.

टक्.

त्यांनी अजून एकदा फिरवला. टक्. मग ते आपल्या वाकड्या हाताकडे बघत बसले. मला वाटलं आता रडतील, आता उठतील, आता खळं ओलांडतील.

‘तुझ्या बापानं शिकवलं आसंल तुला हे,’ काका म्हणाले.

‘काका!’

‘मंग तो गप का बसला गं? बारा वर्सं? एकदा तरी म्हनायचं, मी नाय केलं. मी ऐकलं आसतं.’

‘ऐकलं असतंत?’

त्यांनी गार झालेला चहा बाजूला सरकवला. मग म्हणाले, ‘नसतं.’ आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं खांद्यावरचं ओझं उतरेल, माणूस हलका होईल, मला जवळ घेईल. सिनेमात तसंच होतं. बाबांनी सगळं ऐकलं आणि पान्हा भिंतीवर फेकून मारला. अजून तिथे खोक आहे.

‘बारा वर्सं मी मान खाली घालून चाललो! टक् वाजला का नाय, वाजला का नाय, रोज रात्री आठवून बघत व्हतो. आनि तेल त्यानं वतलं? आता त्यानं यायचं माझ्याकडं. मी नाय जायचा.’

म्हणजे माझ्या शोधाचा फायदा काय झाला? आधी बाबांना राग धरायचा हक्क नव्हता, आता मिळाला. आणि त्यांनी तो पुरेपूर वापरला. आधी निदान ते काकांसमोर मान खाली घालून तरी जायचे, आता मान वर करून, खाकरून जायला लागले. मी मॅग्नेटो परत नेऊन दिला, भाड्याचं मशीन आलं, भात झोडलं. मागचा हंगाम असा गेला. खरं कळलं की सगळं नीट होतं असं मला कॉलेजपर्यंत वाटायचं. आता नाही वाटत.

आता परवाचं सांगते, बस साजगावला पोचतेय.

या वर्षी खंडेनवमीला मी मुद्दाम काकांकडे डोकावले. पाटावर मॅग्नेटो होता. हळदकुंकू, एक झेंडू. खोबरेलची वाटी शेजारी भरलेली होती. काकांनी ती उचलली, कोयत्याला लावलं, विळ्याला लावलं, पहारीला लावलं. आणि मॅग्नेटोपाशी येऊन हात मागे घेतला. मला बघितलं तर म्हणाले, ‘काय बघतेस? परसाद घे आनि जा.’

आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या पायरीवर जुन्या धोतरातलं गाठोडं. ठेवणारा निघून गेलेला. बाबांनी ते सोडलं, डबा फिरवला. टक्. खटक्याच्या भोकात नाक घालून वास घेतला. पुसून काढलेलं, कोरडं ठणठणीत. मग ट्रॅक्टरवर बसवला, टायमिंग लावलं. मी म्हटलं, ‘बाबा, सकाळी हॅण्डल मी मारू?’

‘मानाचं हॅण्डल. ज्याचं त्यानं मारावं.’

‘आणि नाही आले तर?’

‘तर ऱ्हाईल.’

रविवारी सकाळी सहा. तोच गारठा, तेच दव. बाबा ट्रॅक्टरच्या पेट्रोलच्या नळापाशी, समोरच्या घराकडे पाठ करून. मी मध्ये. समोरचं दार उघडलं. काका आले. मधल्या गवताच्या पट्ट्यापाशी जरा थांबले आणि ओलांडून आले. बाबांकडे बघितलं नाही. हॅण्डल डाव्या हाताने धरलं, अंगठा बोटांच्या बाजूला. आणि मारलं नाही.

हळूहळू फिरवलं. कान लावून. टक्.

अजून एकदा. टक्.

माझ्या बाबांनी लावलेलं टायमिंग, काकांचा उरलेला एकच हात. बाबांची पाठ तशीच, पण मान ताठ झालेली. तिसऱ्यांदा टक् वाजलं, काकांनी डोळे मिटले आणि मारलं.

नुसतं खोकलं. परत मारलं. परत खोकलं. चौथ्या वेळेला काका सरळ उभे राहिले आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या बाबांशी बोलले.

‘आंधळा हायस का रं शांत्या? नळाला टेकून उभा हायस आनि पेट्रोल बंद!’

‘बंद नाय! तू मारतोस नीट कुठं? आर्धाच वढतोस!’

‘मला शिकवतोस? ह्या हातानं?’

‘चोक कोन वढणार? मी का?’

‘मंग कोन, तुझा सासरा?’

नळ बंदच होता. बाबांनी शिव्या देत उघडला, चोक ओढला. काकांनी शिव्या देत मारलं. ट्रॅक्टर धडधडला आणि दोघं त्याच्यावरून ओरडत राहिले, दिवसभर, पट्टा सैल आहे, पट्टा ताठ आहे, भारा असा घाल, भारा तसा घाल. काकू आणि आई आपापल्या ओटीवरून बघत होत्या. कुणी कुणाला मिठी मारली नाही. जेवायला दोघं आपापल्या घरी गेले. संध्याकाळी काकांनी डाव्या हाताने बोल्ट सोडले, मॅग्नेटो काढला, धोतरात गुंडाळला आणि परत घेऊन गेले. वाटणी म्हणजे वाटणी.

बाबा पायऱ्यांवर बसून हात धूत होते. घसा बसलेला. मला म्हणाले, ‘त्याला सांगून ये, पुढल्या दसऱ्यालाबी तेल घालू नको म्हनावं.’

‘तुम्हीच सांगा की.’

‘मी कशाला?’ बाबा म्हणाले. ‘मी नाय बोलत त्याच्याशी.’